मिस्त्रीचाचांनी दाखवलेलं घर

ही गोष्ट आजपर्यंत माझ्या तोंडून बाहेर पडलेली नाही. बायकोला माझं सगळं ठाऊक असतं — कुठल्या लग्नात कॅमेऱ्याचं कार्ड हरवलं, कुठल्या नवरीचे फोटो हलले — सगळं. हे तेवढं तिलाही माहीत नाही. मग तुम्हालाच का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. किंवा परवा एका गिऱ्हाइकानं माझाच एक जुना व्हिडिओ माझ्यासमोर लावला आणि मी पाणी प्यायच्या निमित्तानं आत निघून गेलो, म्हणून असेल.

आधी धंदा सांगतो. पलूसला माझा स्टुडिओ आहे. पंधरा वर्षं लग्नं केली — म्हणजे लोकांची, कॅमेऱ्यानं. हल्ली जास्त करून घरांचे व्हिडिओ करतो. घर विकायचं निघालं की लोक मला बोलावतात. ड्रोननं वरून एक फेरी, मग गेटातून आत, हॉल, किचन, जिना, गच्ची, मागं बासरी. आमच्याकडची निम्मी माणसं फौजेत, नाहीतर पुण्या-मुंबईला. रजा मिळून गावी येईपर्यंत चांगलं घर हातचं जातं. मग ती तिकडूनच मोबाईलवर घर बघतात आणि बोलणी पक्की करतात.

यात थोडी लबाडी असतेच. रुंद लेन्स लावली की दहा बाय दहाची खोली ऐसपैस दिसते. पांढरं आभाळ मी निळं करतो. शेजारचा उकिरडा फ्रेममध्ये येऊ देत नाही. हे सगळेच करतात आणि बघणाराही ते धरून चालतो. त्याचं मला काही वाटत नाही. — बघा, मी अजून कडेकडेनंच चाललोय.

तर कडेगावचं घर. हुसेनचाचांचं. चाचा म्हणजे जुने गवंडी, सगळा गाव त्यांना मिस्त्रीचाचा म्हणायचा. आयुष्यभर दुसऱ्यांची घरं बांधली आणि सुट्टीच्या दिवशी एकेक भिंत करत स्वतःचं. घर थोरल्या मुलाच्या, सलीमच्या नावावर. चाची वारल्या, दोन्ही मुलं पुण्यात. चाचांना तिकडं न्यायचं आणि हे विकायचं, असं मुलांचं ठरलं होतं. सलीमनं मला फाटकातच बाजूला घेतलं. म्हणाला, अब्बांना अजून सांगितलेलं नाही, हळूहळू सांगू. विचारलं तर म्हणा, नुसते फोटो काढायला आलोय.

मी मान हलवली. माझं काय जात होतं?

पण शूटिंग काही जमेना. घर नीटनेटकं होतं, तरी पडद्यावर मेल्यासारखं दिसत होतं. बाजूला बाजेवर चाचा बसलेले. थोड्या वेळानं न राहवून म्हणाले, "त्या खिडकीकडनं घे बाबा. तिथनं उजेड बरा येतोय." घेतलं. खरंच बरा येत होता. मग म्हणाले, जिना खालनं नको, वरनं घे. तेही बरोबर निघालं. आणि माझ्या डोक्यात आलं — या म्हाताऱ्यालाच बोलू दिलं तर?

मी म्हणालो, चाचा, तुम्हीच दाखवा ना घर. पुण्यातल्या नातवंडांना बघायला होईल, आजोबांनी कसं बांधलं ते.

हे सलीमनं सांगितलेलं नव्हतं. हे माझं.

चाचा किती खूश झाले म्हणून सांगू. दहा मिनिटं मागून घेतली. आत जाऊन गळ्यापर्यंत बटणं लावलेला पांढरा शर्ट घालून आले, डोक्यावर धुतलेली टोपी. सलीम गेटाबाहेर फोनवर बोलत होता. मी चाचांच्या कॉलरला माइक लावत होतो, त्यामुळं आमची तोंडं अगदी जवळ. तेव्हा त्यांनी हळूच विचारलं, "इकायला तर न्हाई ना काढलं रं?"

आता बघा. मी नुसतं 'सलीमला विचारा' म्हणू शकलो असतो. कॅमेऱ्यात काहीतरी बिघडलंय म्हणून निघून जाऊ शकलो असतो. गप्प राहिलो असतो तरी म्हातारा समजून गेला असता. मी त्यांच्या डोळ्यांत बघून म्हणालो, "न्हाई चाचा. छ्या. इकतंय कोण?"

"मग बरं," म्हणाले, आणि पुढं चालायला लागले.

पुढची वीस मिनिटं... माझ्या सगळ्या कामात तसं काम झालेलं नाही. जिन्याची पायरी सात इंचाची असते, इथं सहाची का, तर चाचीचे गुडघे दुखायचे. न्हाणीचा उतार किती धरला, का धरला. गच्चीवर पाणी कुठल्या कोपऱ्याला पळतं. विटांना इतके दिवस पाणी मारलं की शेजारी म्हणायचे, मिस्त्री, घर बांधताय का ऊस लावलाय. हे सांगताना स्वतःच हसले. आणि मधल्या खोलीत थांबून एका भिंतीवर हात ठेवला. म्हणाले, "ही भित दीड सूत ओळंब्याभायेर हाय. धाकटा झाला तवा निरोप आला आन् मी थापी टाकून पळालो. परत येऊन बघितलं तर माल धरला हुता. लपवायचं कशाला? चूक हाय ती हाय." दीड सूत म्हणजे भिंत पेन्सिलीच्या जाडीएवढीही कललेली नाही. डोळ्यांना दिसत नाही.

सलीम म्हणाला, ते भिंतीचं तेवढं काढून टाका. मी काढलं नाही. चाचांच्या प्रेमापोटी नव्हे हो — मला पक्कं ठाऊक होतं की घर विकणार ते त्या वाक्यावरच. जो माणूस न दिसणारी चूक दाखवतो, त्याच्या बाकीच्या घरावर कोण शंका घेईल? मी खाली पट्टी टाकली, 'विकणे आहे', आणि व्हिडिओ गावोगावच्या ग्रुपवर सोडून दिला.

लय फिरला तो व्हिडिओ. फलटणपासून मिरजेपर्यंत लोकांचे फोन. तशी दुसरी घरं करा म्हणून कामं आली, अजून येतात. आठवड्याभरात काश्मीरमध्ये असलेल्या एका सुभेदारांनी घर पक्कं केलं.

आणि चाचांना कसं कळलं? हॉटेलात. शेजारच्या बाकड्यावर कुणीतरी मोबाईलवर लावला होता. त्यांनी स्वतःचा आवाज ओळखला. शेवटपर्यंत बघितला, खालची पट्टी वाचून घेतली, परत एकदा लावायला सांगितला. मग चहा संपवून घरी गेले. मला सलीमनंच हे सांगितलं. तिसऱ्या दिवशी आपली थापी, ओळंबा, गिलाव्याचा रंधा सगळं पुसून पोत्यात भरलं आणि सलीमला म्हणाले, कवा निघायचं?

पलूसहून कडेगाव किती लांब? गाडीवर तासभरही लागत नाही. जाऊन पाय धरायचे होते, बस. मी गेलो नाही. उलट तिकडची दोन लग्नं नाकारली — तारीख मोकळी नाही म्हणून. एकदा चाचांचा फोन आला होता. मी वाजू दिला. काय बोलणार होते ते मला आजही माहीत नाही.

मग सुभेदार रजेवर आले. चाचांच्या हातून किल्ली घ्यायची आणि त्याचाही व्हिडिओ करायचा, असा त्यांचा हट्ट. मला बोलावणं आलं. या वेळी टाळता येईना, गेलो. चाचा तोच पांढरा शर्ट घालून उभे होते. मला म्हणाले, "ये पोरा. वाळलास रं." एवढंच. मी स्टँड लावण्यात डोकं घातलं.

सुभेदार मोठे सरळ माणूस. किल्ली पुढं आली तरी त्यांनी हात पुढं केला नाही. म्हणाले, "चाचा, एक इचारतो. आमची मंडळी व्हिडिओ बघून लय रडली. म्हणती, इकायचं म्हाईत असताना कोण एवढ्या मायेनं बोलंल? म्हाताऱ्याला फसवून तर बोलायला लावलं न्हाई ना? तसं असंल तर सांगा. आमी घर सोडतो. कुणाचा तळतळाट घिऊन ऱ्हायाचं न्हाई आमाला."

सलीमचा चेहरा पार उतरला होता. कॅमेरा चालू होता, त्यामागं मी. चाचांनी आधी मुलाकडं बघितलं, मग माझ्याकडं. बराच वेळ माझ्याकडंच बघत होते. त्या नजरेत राग असता तर मी बोललो असतो का? कुणास ठाऊक. राग नव्हता. लहान पोर पडल्यावर त्याच्याकडं बघतात ना, तसं बघत होते. माझ्या घशाशी आलं होतं — खरंच आलं होतं — की सुभेदारसाहेब, यांना मी फसवलं. मी वाट बघत राहिलो. कसली, तेही मला सांगता येत नाही.

मग चाचाच म्हणाले, "ठावं हुतं की मला. ह्या पोरानं आदीच सांगितलं हुतं समदं. लबाड न्हाई त्यो."

सुभेदारांनी वाकून नमस्कार केला आणि किल्ली घेतली. माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, व्हिडिओवाला असावा तर असा. चाचा जेवून जा म्हणत होते. मी जेवलो. त्यांच्या हातची भाकरी घेतली, कालवण दोनदा घेतलं, आणि एक शब्द बोललो नाही. चाचा आता पुण्यात असतात, सातव्या मजल्यावर. मी भेटायला गेलेलो नाही.

सुभेदारांनी सांगितलं होतं, चाचांचं ते बोलणं व्हिडिओत राहू दे. मी राहू दिलं. 'लबाड न्हाई त्यो' म्हणताना चाचांचा आवाज बारीक झाला होता, नीट ऐकू येत नव्हतं. मी बसून तो मोठा केला.