आक्काला मी घरी पाठवलं

म्हातारपणी माणूस शहाणं होतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी मला एकाहत्तराव्या वर्षी बघायला हवं होतं. त्या वर्षी मी एक फोन केला आणि एका बाईचं चाललेलं घर मोडलं. तेही तिला घरी पाठवून... आक्काला जाऊन आता महिना उलटला. तिच्याविषयी लिहायचं तर सुरुवात त्या फोनापासूनच करायला हवी. दुसरीकडून सुरू केलं तर ती वरून ओरडेल.

लातूरला औशाच्या रस्त्यावर आमचा वृद्धाश्रम आहे. म्हातारे आहेत, अपंगही आहेत. जळकोटहून, पोराच्या घरून, मी इथे आले ती नव्या नवरीसारखी रडतच. हातात पिशवी, नाकाला पदर. स्वयंपाकघराच्या ओसरीत चाकांच्या खुर्चीवर एक जाडजूड बाई बसली होती, मांडीवर परात घेऊन. एक पाय लहानपणीच पोलिओनं गेलेला, दुसरा वयानं. हीच आक्का. देगलूरकडची, तिकडच्या रीतीनं लहानथोर सगळ्यांची आक्काच. तिनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"पाहुणी हायस का राहायला आलीस?"

"राहायला," मी हुंदका देत म्हणाले.

"मग रडत रडत तुरीच्या शेंगा सोल. दोन्ही कामं व्हतेत."

ती ओसरी म्हणजे तिचा दरबार होता. भाजी तिच्या हाताखालून गेल्याशिवाय चुलीवर चढायची नाही. कुणाला तिखट चालत नाही, कोण आज जेवायला आलं नाही, का आलं नाही, सगळी चौकशी तिच्याकडे. आमचे व्यवस्थापक बाजारातून आले की पिशवी आधी तिच्यापुढे धरायचे आणि बोलणी खायचे. "साहेब, ही वांगी इकत आणली का रस्त्यात घावली?"

पण मला हे काही दिसत नव्हतं. मला दिसायचे ते तिचे डोळे. संध्याकाळ झाली की डाव्या डोळ्यातून पाणी गळायचं. डोळ्याच्या ऑपरेशननंतर तो तसाच गळत होता, हे मला फार उशिरा कळलं. मी ठरवून टाकलं, बिचारी पोराच्या आठवणीनं झुरून राहिली. तिच्या पोराचा, बालाजीचा, नंबर माझ्या मोबाइलमध्ये होता, कारण तिला फोन मीच लावून द्यायचे. एका दुपारी तिच्या नकळत मी तो फिरवला आणि गळा काढला, "अरे बालाजी, आई रोज रडते रे. घेऊन जा तिला."

पोरगं गुणी. दोनच दिवसांत नांदेडहून गाडी घेऊन हजर. आईला लेकरासारखं उचलून गाडीत बसवलं. सगळा आश्रम टाळ्या वाजवत होता, सगळ्यांत मोठ्या टाळ्या अर्थातच माझ्या. चारचौघांत लेक न्यायला आलाय म्हटल्यावर कुठली आई नाही म्हणेल? आक्का एवढंच म्हणाली, "अगं, मेथी तशीच राहिली की..."

पुढे मी अर्ध्या तिकिटात एसटीनं नांदेडला गेले, शाबासकी घ्यायला. तिसरा मजला, लिफ्ट नाही. वर पोचेपर्यंत माझीच शाबासकी निघाली. सून सविता हसून दारात आली. आक्काला स्वच्छ पातळ नेसवलेलं, केस विंचरलेले. मी गंमत म्हणून लसणाचा गड्डा तिच्यापुढे केला, तर सवितानं तो हळूच उचलला. "राहू द्या, आक्का. आता काही करायचं नाही तुम्ही." प्रेमानं म्हणाली, खरंच.

ती आत गेल्यावर आक्कानं माझं मनगट धरलं. "मला परत घेऊन चल." मी तेव्हा कबूल केलं, फोन माझाच होता. ती म्हणाली, "ठाव हाय. बाल्यानं सांगितलं. येडे, तुला जायाचं हुतं तर सोताच्या पोराला लावायचा हुतास की."

बरोबर होतं तिचं. मलाच जायचं होतं. तेवढी हिंमत नव्हती, म्हणून मी तिला पाठवलं...

निघताना जिन्यात बालाजीला सगळं सांगितलं, आईला परत आश्रमात यायचंय म्हणून. तो कठड्याला टेकून उभा राहिला. "मावशी, पहिल्यांदा ठेवलं तेव्हा पाय, जिना, सगळं सांगता आलं लोकांना. आता परत ठेवलं तर म्हणतील, आणली आणि कंटाळला. गावात तोंड कसं दाखवू?" त्याचे डोळे भरले होते. नंतर मी दोनदा गेले, दोनदा तेच बोलले. दर वेळी जिना जास्त उंच वाटला. मग माझेच गुडघे गेले आणि फोनवर आक्का फक्त "हाव, हाव" म्हणायला लागली. एका सकाळी सविताचा फोन आला. झोपेतच गेली.

महिना झाला म्हणून परवा बालाजी आणि सविता आश्रमात जेवण घेऊन आले. पंगत उठल्यावर सविता ओसरीत माझ्याजवळ टेकली. आम्ही चार-पाच जणी गवार मोडत होतो. कुणीतरी आक्काची नक्कल केली, सगळ्या हसल्या. सविता हसली नाही. आमच्या हातांकडे बघत राहिली, बराच वेळ. मग मला म्हणाली,

"मावशी, तिकडं त्या दिवसभर खिडकीत बसायच्या, हात मांडीवर ठेवून. मला वाटायचं, आराम करून राहिल्या."