बंदरात उतरण्याइतका वेळ

जहाज धक्क्याला लागलं की त्यातली माणसं कधी खाली उतरतात, हे तुम्ही कधी कुणाला विचारलंय का?

आमच्या घरात प्रश्न विचारायची सवय होती. वडील कारखान्यात होते, युनियनची पत्रकं लिहायचे. मी वाचायला शिकले ती त्या पत्रकांवर. आठ तास काम, आठ तास विश्रांती, हे मला पाढ्यांच्या आधी पाठ झालं. आता मी हडपसरच्या एका कंपनीत बंदरांसाठी सॉफ्टवेअर तयार करते. कोणतं जहाज कुठे लावायचं, कुठल्या क्रेनने आधी कुठला कंटेनर उचलायचा, हे ते ठरवतं. काम चांगलं आहे. समुद्रात ताटकळणारं जहाज फुकट तेल जाळतं. ते थांबायला हवं, असं मला आजही वाटतं.

माझा दादा मालवाहू जहाजावर इंजिन विभागात आहे. तो समुद्रावर असताना त्याला मुलगी झाली. यंदा त्याचं जहाज घाटाखालच्या एका बंदरात येणार असं कळलं आणि वहिनी पोरीला घेऊन निघाली, सोबत मी. पुण्याजवळच्या मांजरीत आमचं घर, तिथून गाडी केली. दादाची पाळी दुपारी संपणार होती आणि जहाज संध्याकाळपर्यंत थांबणार होतं. त्याने गेटबाहेर यायचं, लेकीला कडेवर घ्यायचं आणि परत जायचं, एवढाच बेत होता.

गेटसमोरच्या चहाच्या टपरीवर आम्ही बसलो. भिंतीवरून फक्त क्रेनचे शेंडे दिसत होते. दुपारी दादाचा फोन आला. माल वेळेआधी चढला होता, जहाज बाहेर काढणारा पायलट येऊन पोचला होता, आणि दादाची उतरायची परवानगी रद्द झाली होती. व्हिडिओ लावतो, तिला दाखव, असं तो म्हणत होता.

वहिनीने फोन माझ्या हातात दिला.

"फोनवरच बघायचं होतं तर मांजरीतच बसले असते की."

मी दादाला पोरगी दाखवली. मग मागून कुणीतरी त्याला हाक मारली.

घरी आल्यावर वडिलांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "आमच्या वेळी मालक सुट्टी नाकारायचा, तेव्हा निदान त्याचं तोंड तरी दिसायचं."

त्या दिवशी बंदराने वेळ वाचवला. तो माझ्या भाचीचा होता.

कंपनीच्या पुढच्या बैठकीत मी मागणी मांडली. जहाजाच्या वेळापत्रकात माल चढवण्या-उतरवण्याची वेळ धरतो, तशीच खलाशांनी उतरण्याचीही धरा. एकदा ठरली की ती कापायची नाही. आमचे साहेब हसले. "मॅडम, हे जहाज आहे, एसटी नाही."

"एसटीच्या ड्रायव्हरला चहाला तरी उतरू देतात," मी म्हणाले.

मग साहेबांनी सरळ सांगितलं की ग्राहकाने मागितलं तर टाकू, आणि आजवर कुणीही मागितलेलं नाही. त्यांचं खोटं नव्हतं. बंदरात उतरणं हा खलाशाचा हक्क कागदावर आहे, पण तो मागणारा माणूस गेटच्या आत अडकलेला असतो.

दादा पुन्हा समुद्रात आहे. भाची आता भिंत धरून उभी राहते.

म्हणून हे तुम्हाला सांगते आहे. तुमचा माल जहाजाने जात-येत असेल, तर पुढचा करार करताना जहाज कंपनीला विचारा, खलाशांना उतरायला किती वेळ मिळणार? आणि उत्तर लेखी मागा.