आलापल्लीचे सेव्हिलकर

स्पेन देशातल्या सेव्हिल नावाच्या पुरातन शहराविषयी साऱ्या चांदा जिल्ह्यात सगळ्यात जास्त कळत होतं ते आमच्या भाऊजींना, आणि खुद्द सेव्हिलमध्ये त्यांच्या तोडीचा कोणी निघाला असता यावरही माझा विश्वास नाही. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. आलापल्लीला जंगलखात्याच्या डेपोत सागाचे लठ्ठे मोजायची त्यांची नोकरी. उभ्या जन्मात नागपूरच्या पलीकडे गेले नाहीत, आणि नागपूरलाही गेले ते दाढ काढायला. पण ओसरीवर पान जमवून बसले की थाट असा, की सकाळची आंघोळ सेव्हिलमध्येच उरकून आलेत. "तिथच्या मोठ्या मनोऱ्याले पायऱ्याच नाईत, साळेबुवा! आतून उताराची वाट हाय. पहिले बांग देणारा घोड्यावर बसून वर जाये." मी विचारलं, "आणि घोडा खाली कसा यायचा?" भाऊजी पिंक टाकून म्हणाले, "त्याचं त्याले माहीत. तुमाले काऊन काळजी?"

हे खूळ शिरलं ते हिवतापातून. स्वातंत्र्यानंतर जंगलखात्यातला एक गोरा साहेब विलायतेला परतला, त्याच्या सामानाचा लिलाव झाला आणि भाऊजींनी कंदील घेतला. कंदिलाच्या पेटीत तळाशी सेव्हिलची प्रेक्षणीय स्थळं दाखवणारं एक चित्रांचं पुस्तक होतं. त्याच पावसाळ्यात भाऊजींना असा ताप भरला, की कंपाउंडरनं आशा सोडली. ताईनं महाकालीला नवस केला, 'यायले उठव माय, चैत्राच्या यात्रेत आमी जोडीनं तुह्या पाया पडाले येतो.' ताप उतरला. पण खाटेवर पडल्या पडल्या करायचं काय, म्हणून भाऊजींनी ते पुस्तक उघडलं. देवीनं नवरा परत दिला खरा, पण तो आलापल्लीला न उतरता थेट सेव्हिलला उतरला.

बरं, सेव्हिलचं सगळं गोडच लागत होतं असंही नाही. तिथल्या रस्त्यांच्या दुतर्फा संत्र्याची झाडं आहेत आणि ती संत्री कडू असल्यामुळे कोणी खात नाही, हे वाचून ते दोन घास कमी जेवले. "लाज वाटाले पाहिजे! आपल्याकडून एक कलम तरी न्याचं!" तिथल्या थोरल्या देवळात कोलंबसाची शवपेटी चार राजांच्या पुतळ्यांनी खांद्यावर उचलून धरली आहे, तर ती पेटी सागाची नाही याचा त्यांना मनस्वी राग. आणि बैलांच्या खेळाचं प्रकरण तर शेजाऱ्यांनाही तोंडपाठ होतं. भाऊजी शंकरपटाचे शौकीन. पटात बैल पळवायचा, हरला तरी त्याच्या पाठीवरून हात फिरवायचा आणि पोळ्याला पुरणपोळी चारायची, हा त्यांचा धर्म. तिकडे भर मैदानात बैलाला मारतात आणि बायाबापड्या रुमाल हलवतात, हे ते सांगायला लागले की त्यांचा आवाज चढायचा. "पोळ्याले कोणत्या तोंडानं उभे राहात असतीन हे लोक?" सेव्हिलमध्ये पोळा नसतो हे सांगायची कोणाची छाती नव्हती. एकदा मोहाची फुलं वेचून परतणारा एक म्हातारा गोंड टेकायला बसला, तर त्यालाही यांनी तिथल्या एप्रिलच्या जत्रेतले तंबू, कागदी दिवे, घोडे आणि झालरीच्या लुगड्यातल्या बाया, सगळं दाखवून आणलं. म्हाताऱ्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "तिथी मोह फुलते का?" भाऊजी म्हणाले, "नाई." "मंग बराबर हाय," म्हातारा उठत म्हणाला, "ऐन मोहाच्या दिवसांत लोकं रिकामे असतीन. जत्राच करतीन."

गंमत इथवर ठीक होती. पण सेव्हिलचा मोठा सण वसंतातल्या पौर्णिमेच्या आसपास येतो. तिथल्या देवाच्या रडणाऱ्या आईची मूर्ती भल्यामोठ्या चौरंगावर बसवतात, चौरंगाखाली झुलीआड माणसं शिरतात आणि खांदा देऊन रात्रभर तिला गावातून मिरवतात. पुढे उंच टोकदार टोप्या घातलेले, तोंडं झाकलेले भक्त मेणबत्त्या घेऊन चालतात. आणि चांद्याच्या महाकालीची यात्राही त्याच पौर्णिमेची! दर चैत्रात ताई नारळ नि खण काढून ठेवायची आणि दर चैत्रात भाऊजी अंगणात चुन्याच्या रेघा मारून मिरवणुकीचा मार्ग आखायचे. गोठा म्हणजे देऊळ, मोहाचं झाड म्हणजे मनोरा, न्हाणीचं पाणी म्हणजे नदी. "या आठवड्यात कसं जाता येईन? तिकडं पालखी निघून राह्यली!" एखाद्या वर्षी अधिक महिना घालून पंचांगानं ताईची कीव केली आणि यात्रा महिनाभर पुढे सरकली, तर नेमकी तिकडची एप्रिलची जत्रा आडवी यायची. असा माणूस! इकडे ताईच्या जिवाला घोर. भाऊजींचं नुसतं डोकं दुखलं तरी ती पांढरी पडायची. मला म्हणायची, "देवीनं देल्लं ते देवी परत मागन रे. बोललेलं फेडलं नाई आमी."

मग एका फाल्गुनात भाऊजींना पुन्हा ताप आला. दोनचार दिवसांत गेलाही, पण ताईनं हाय खाल्ली. चैत्र उजाडला, अंगणात रेघा पडल्या, तशी तिनं नारळ-खण पिशवीत टाकले आणि उंबऱ्यात उभी राहून म्हणाली, "मी चाललो चांद्याले. देवीले सांगतो, माणूस सेव्हिलले गेला हाय, वापस आला की घेऊन येतो. तोवर त्याले सांभाळ." एवढं बोलून ती मोटारीत बसली आणि चांद्याला माझ्या घरी आली. जोडीचा नवस एकटीनं फेडला तर तो देवीला पोचतो का, हे तिनं मला दोनदा विचारलं. मला काय ठाऊक! मी आपलं 'पोचते' म्हणून टाकलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी दारात भाऊजी उभे. लठ्ठ्यांच्या ट्रकवर बसून आले होते, डोक्यापासून पायापर्यंत लाल धूळ. ताईकडे न बघता माझ्यावरच तडकले. "मिरवणूक काढली मी. अर्ध्या वाटेत आलो, मागं पाहातो तं कोणीच नाई! गाय होती, तेबी पाठ फिरवून." तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की गाव हसायचं आणि उठून जायचं, त्या चुन्याच्या रेघांवरून त्यांच्या मागे शेवटपर्यंत चालणारी एकटी ताईच होती. ताईनं पाण्याचा तांब्या पुढे केला.

संध्याकाळी आम्ही गावकोटाच्या अंचलेश्वर दरवाजातून बाहेर पडलो. झरपट नदीच्या काठानं माणूसच माणूस. लांबून नांदेडकडून आलेले म्हातारे, डफ, पेटते पोत, ओल्या लुगड्यानं लोटांगण घेत निघालेल्या बाया. भाऊजींनी सुरुवात केली, "तिकडं असं असते का..." आणि बंदच पडले. एका म्हातारीनं लोटांगण घालता घालता त्यांच्या पायाजवळ कपाळ टेकलं, तसे ते चटकन बाजूला झाले आणि त्यांनी ताईचा हात धरला. भर यात्रेत, हजार लोकांत! ताई लाजली, पण तिनं हात सोडवून घेतला नाही. गाभाऱ्यात दोघं जोडीनं वाकली. नारळ ठेवताना ताईच्या हाताखाली भाऊजींनी आपला हात लावला.

बाहेर येऊन ते एका दगडावर बसले. गर्दीकडे बघत होते आणि धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत होते. मी आयुष्यात त्यांना इतका वेळ गप्प पाहिलं नव्हतं. मला भीतीच वाटली. शेवटी ते ताईकडे वळले आणि अगदी दुखावल्या आवाजात म्हणाले, "एवढं मोठं दरवर्षी इथी होते, अन् तू मले कधी सांगितलं काऊन नाई?"

मला वाटलं, आता वर्षानुवर्षांचं तुंबलेलं सगळं बाहेर पडणार. पण ताई हसायला लागली. पदर तोंडाशी धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, त्या दगडावर त्यांच्या शेजारी बसून हसत राहिली, आणि भाऊजी बिचारे काय चुकलं ते न कळून तिच्या पाठीवर थोपटत राहिले. पुढे ती दोघं दर चैत्रात आली, भाऊजी असेपर्यंत. तिला इतकं मोकळं हसताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं, आणि भाऊजी गेल्यानंतर पुन्हा पाहिलं नाही.