तात्यांनी न केलेली तक्रार

हे मी आईलासुद्धा सांगितलेलं नाही, आणि आईला मी आमटी खारट झाली तरी फोन करून सांगते. तुम्हाला का सांगतेय — तेही नीट कळत नाही.

माझा नवरा सुहास ड्रम वाजवतो. म्हणजे, वाजवायचा. लग्नाआधी हळदीच्या कार्यक्रमांत वाजवणाऱ्या ऑर्केस्ट्रात होता. रोह्याला आम्ही ब्लॉक घेतला, तेव्हा कपाटाच्या आधी घरात ड्रमसेट आला. कंपनीतून आला की हातपाय धुऊन तो बसायचा, डोळे मिटायचा आणि — गेला! मी चहा घेऊन समोर उभी असले तरी त्याच्या लेखी नसायचेच.

त्याचा मला राग यायचा का? की खरंच डोकं दुखायचं? डोकं दुखतंय म्हटलं असतं, तर त्याने तिथल्या तिथे बंद केलं असतं. मग एवढं साधं का नाही म्हणाले? वाईटपणा घ्यायचा नव्हता, असं आता वाटतं. पण तेवढंच होतं का?

मी म्हणाले, खालच्या तात्यांनी तक्रार केलीय. तात्या तेव्हा धाटावच्या कारखान्यात रात्रपाळी करायचे, दिवसा झोपायचे — कोणालाही पटेल. तात्यांनी चकार शब्द काढला नव्हता.

सुहासचा चेहरा उतरला. सुट्टी मिळताच मला घेऊन पेणला गेला, म्यूट आणायला. ड्रमच्या तोंडावर ठेवायच्या चकत्या असतात त्या, आवाज दाबायला. दुकानदाराने दोन प्रकार काढले. एक पातळ जाळीचा — आवाज कमी, पण ड्रमचा सूर थोडा शिल्लक राहतो. दुसरा जाड रबराचा. त्यावर नुसतं टपटप. सुहास पातळवाल्यावर पुन्हा पुन्हा काठी मारून कान देत होता. मी म्हणाले, एवढंही ऐकू जाईल तात्यांना. जाड घे.

त्याने जाड घेतले. परतताना गाडीवर गडब गाव मागे पडलं. पिशवी माझ्या मांडीवर. आता सांगून टाकावं, असं वाटत होतं — आणि जिंकल्यासारखंही वाटत होतं. दोन्ही एकदम कसं वाटू शकतं?

रबरावर तो काही दिवस बसला. मग कमी. मग बसलाच नाही. सेटवर आता मी वाळलेले कपडे टाकते. तात्यांच्या दारावरून मात्र तो अजून चपला हातात घेऊन जातो.

एकदा तात्या जिन्यात भेटले. “सुहास हल्ली वाजवीत नाय काय गो? बरा वाटायचा.” मी म्हणाले, वेळ नसतो त्याला. घरी येऊन सुहासला काहीच सांगितलं नाही.

गेल्या महिन्यात तात्या रिटायर झाले, पेढे घेऊन वर आले. सुहासने हातच जोडले. “तात्या, माझ्या ड्रमपायी तुमच्या झोपेचं खोबरं झालं. माफ करा.”

तात्यांनी त्याच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. माझी मान खाली.

“व्हय, जरा आवाज यायचा,” ते म्हणाले. “सोड आता, नाय काय त्याचा.”

माझ्यासाठी तो माणूस खोटं बोलला, आणि मी चहा टाकायला आत गेले.

तात्या गेल्यावर सुहास कितीतरी दिवसांनी मोकळं हसला. म्हणाला, बरं झालं तेव्हा तू सांगितलंस, नाहीतर मला कळलंच नसतं.

मी हो म्हणाले.