हात मागे बांधून शिकवणारे सर

सरांचे हात कायम पाठीमागे असायचे. अमेरिकेतल्या ईडन प्रेरी गावच्या लायब्ररीत दर शनिवारी दुपारी त्यांचा कॉम्प्युटरचा वर्ग भरे, आणि तीन तास हा माणूस एका हाताने दुसरं मनगट धरून टेबलांमधून फिरत राही. कुणाचा माऊस अडो, कुणाची फाईल उडो, सर वाकणार, स्क्रीनकडे बघणार, तोंडाने सांगणार. बोट म्हणून लावायचे नाहीत. आम्ही चारदोन मराठी मंडळी त्यांना मदत करायला जायचो. आम्ही त्यांचं नाव हातबांधे ठेवलं होतं. त्यांना ते माहीत होतं आणि आवडतही होतं, असा माझा आपला समज.

वर्ग होता आफ्रिकेतून इथे आलेल्या लोकांसाठी. एका बाजूला नैरोबी आणि अदिस अबाबाहून आलेली चार पोरं-पोरी, सॉफ्टवेअरच्या नोकरीसाठी धडपडणारी. दुसऱ्या बाजूला छोटे धंदेवाले: एक शिंपी, एक टॅक्सीवाला आणि सोमालियाच्या हलिमाताई. त्यांचा मिनिआपोलिसच्या सोमाली बाजारात समोशांचा गाळा होता. ताई हे सरांनीच लावलेलं. सर प्रत्येक बाईला ताई म्हणत, मग सगळा वर्गच बायकांना ताई म्हणू लागला. केनियाची मुलगी सोमाली बाईला 'ताई, चार्जर प्लीज' म्हणते हे ऐकून मला पहिल्या दिवशी हसू फुटलं होतं.

सर मूळचे नागपूरचे. बोलणं अजून तिकडचंच. मी पुण्याचा, उतावळा, आणि दुसऱ्याला टाईप करताना बघणं मला सहन होत नाही. मी हात पुढे केला की सर म्हणायचे, "काय घाई करून राहिला बाप्पा? ज्याचं काम, त्याचेच हात." एकदा मी वैतागून विचारलं, की सर, हे काय व्रत घेतलंय तुम्ही? तेव्हा त्यांनी सांगितलं. कॉलेजात दहा-बारा मुलांमागे एक कॉम्प्युटर होता. पुढे कोण बसणार हे आडनावावरून ठरायचं. सर धरून त्यांच्या वस्तीतली तीन मुलं वर्षभर मागे उभी राहून बघत शिकली. "तुम्ही नुसतं बघा, आम्ही करून देतो म्हणत. वाईट नव्हते बोलायला," सर म्हणाले. माझ्या शाळेत पुढच्या खुर्चीत कायम मीच असायचो, हे मी त्यांना सांगितलं नाही.

मग सरांची नोकरी गेली. अठरा वर्षं या देशात काढलेली, ग्रीन कार्डच्या रांगेत केस पिकले, आणि एका सकाळच्या मीटिंगमध्ये सगळं संपलं. व्हिसाच्या नियमाने नवी नोकरी शोधायला साठ दिवस, नाहीतर देश सोडा. सर शेवटच्या आठवड्यापर्यंत अर्ज करत होते आणि एकही शनिवार चुकवत नव्हते. मला त्यांचा राग यायचा. घरात खोकी भरली जातायत आणि हे इथे शिंप्याला वेबसाईटवर फोटो चढवायला शिकवतायत!

त्यांचा शेवटचा शनिवार नेमका हलिमाताईंच्या फॉर्मचा शेवटचा दिवस होता. एका मोठ्या ऑफिसच्या कॅन्टीनला समोसे पुरवायचं काम होतं. ते मिळालं तर गाळा टिकणार होता, नाहीतर भाडं झेपत नव्हतं. फॉर्म पाच वाजता बंद होणार, आणि साडेतीनला त्यांचा लॅपटॉप अपडेट घेत बसला. मी माझा दिला. ताई एका बोटाने अक्षरं शोधत होत्या. सहा महिन्यांपूर्वी त्यांना माऊस धरता येत नव्हता, हे खरं. पण पावणेपाच वाजले आणि एक पान उरलं होतं.

माझ्याच्याने राहवेना. मी लॅपटॉप ओढला. सर म्हणाले, "थांब ना बाप्पा, होऊन राहिलं तिचं." मी थांबलो नाही. एक टिचकी मारली, रकाने भराभर भरले, फॉर्म गेला. दहा मिनिटं शिल्लक. वर्गाने टाळ्या वाजवल्या. ताईही हसल्या, जरा ओशाळून. सरांनी तेवढ्या टाळ्या वाजवल्या नाहीत. मंगळवारी ते नागपूरला परतले.

तीन आठवड्यांनी मी माझं एक जुनं ईमेल खातं उघडलं. वर्षातून चारदा उघडतो ते. कॅन्टीनवाल्यांचं पत्र होतं, हलिमाताईंच्या नावाने. समोसे आवडले आहेत, स्वयंपाकघराच्या परवान्याची प्रत सात दिवसांत पाठवा. खाली दुसरं पत्र: प्रत न आल्याने अर्ज रद्द. माझ्या लॅपटॉपने सवयीने माझाच हा जुना ईमेल आणि माझाच फोन भरला होता, आणि मी न वाचता बटण दाबलं होतं. फोनही त्यांनी केला असेल. अनोळखी नंबर मी उचलत नाही. मी कॅन्टीनवाल्यांना विनवण्या केल्या. काम दुसऱ्याला दिलं होतं.

मी नागपूरला फोन लावला. सर घरीच होते. बावन्नाव्या वर्षी कुणी घेत नाही म्हणाले, मुलाखतीत पोरं त्यांना अंकल म्हणतात. मग मी माझं सगळं सांगितलं.

"ताईला सांगितलं?"

"नाही, सर."

"मग मला काय सांगून राहिला?"

तोवर वर्गही बंदच पडला होता. लायब्ररीतली खोली दर शनिवारी मी घेत होतो, पण आधी सात आले, मग तीन, मग कुणीच नाही. मी भराभर दाखवतो, लोकांना कळत नाही, आणि ते पुन्हा येत नाहीत.

शेवटी बाजारात गेलो. हलिमाताई गाळ्यातली भांडी खोक्यात भरत होत्या. महिनाअखेर जागा सोडायची होती. मी सांगितलं. त्यांनी ऐकलं, हात पुसले.

"मला पाच मिनिटं लागली असती," त्या म्हणाल्या. "माझा ईमेल मला पाठ होता. सरांनी घड्याळ बघितलं होतं, त्यांनी मानेने खूण केली मला, की होईल."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, की पुढच्या वर्षी पुन्हा फॉर्म निघेल ताई, तेव्हा मी नीट भरून देईन.

त्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं. मी ते पाठीमागे नेले आणि तसाच उभा राहिलो. त्या खोकी भरत राहिल्या. जड खोकंही त्यांनी मला उचलू दिलं नाही.