तीन वर्षं हात लावायचा नाही

आमच्या उत्तराताईला स्वस्थ बसणं ठाऊकच नाही. मुलुंडला माझ्याकडे आली की पंख्याचं बटण, गॅसची कळ, दाराची कडी, सगळ्यांची उलटतपासणी होते. अशा बाईला नोकरीत काम काय मिळावं, तर एका वस्तूला तीन वर्षं हात न लावण्याचं!

भांडुपच्या एका कंपनीत ती यंत्रांचा भरवसा तपासते. लांबच्या अंतराळप्रवासासाठी तिथे अणुशक्तीवरच्या इंजिनाचे भाग बनतात. त्यातली अणुभट्टी चालू-बंद करायला ड्रम फिरवावे लागतात. प्रवासात इंजिन काही वर्षं निजून राहणार आणि मग एका हुकमासरशी जागं होणार. हवा नसलेल्या जागी धातूला धातू चिकटून बसू शकतो, म्हणून ताईने एक ड्रम निर्वात पेटीत बंद केला. तीन वर्षं तसाच ठेवायचा आणि मग एकदाच फिरवायचा.

गेल्या महिन्यात बटण दाबलं. ड्रम झकास फिरला. ताईने पेढे वाटले. पहिला दिला जुन्या तंत्रज्ञाला, अनंतला.

"फिरणारच मॅडम," अनंत खुशीत म्हणाला. "दर खंडेनवमीला सगळ्या मशीनना हार घालतो, तेव्हा हिलाही बटण दाबून एक फेरा देतो ना. शकुनाच्या दिवशी मशीन बंद कशी ठेवायची?"

ताईच्या तोंडचं पाणीच पळालं. हात लावू नये अशी पाटी होती, पण पूजेचा हात आपल्याकडे हात म्हणून धरतात कुठे!

"वर्षातून एक फेरा, त्याने काय बिघडलं? अहवाल देऊन टाका," साहेब म्हणाले. ताई पुढच्या वर्षी निवृत्त होणार. पुन्हा चाचणी लावली, तर निकाल तिच्या नोकरीत लागणारच नव्हता. आठवडाभर ती माझ्याकडे येऊन नुसत्या येरझाऱ्या घालत होती. मला बघवेना.

"ताई, सही करून टाक. फिरतोय ना तो?"

"फिरवला म्हणून फिरतोय रे!" ती माझ्यावरच खेकसली. "तिकडे माणसं गेली, बटण दाबलं आणि हा ढिम्म बसला तर वाट लागेल त्यांची. तिकडे कोण अनंत जाणारेय फेरा द्यायला?"

मला रागच आला. जन्मभर राबली, एक यश पदरात पडत होतं, तेही हिने लाथाडावं! पण ताईने सही केली नाही. देखरेखीत आपण कमी पडलो असं लिहून दिलं आणि अनंतचं नाव कुठे येऊ दिलं नाही. परवा नवा ड्रम पेटीत घालून झाकण तिनेच बंद केलं.

संध्याकाळी माझ्याकडे आली ती चहाही न घेता बसून राहिली. मग म्हणाली, "मुकुल, निकाल लागला की मला फोन करतील ना रे?"

"करतील गं, न करून सांगतात कुणाला?" मी म्हणालो. निवृत्त झालेल्या माणसाला कोण फोन करतं, ते आम्हा दोघांनाही माहीत होतं.