हॉलची फरशी

मे महिन्यातल्या एका दुपारी आमच्या हॉलची फरशी उठली. मी ऑफिसात होते. शेजारच्या काकूंचा फोन आला, तुमच्याकडून काहीतरी फुटल्याचा मोठा आवाज आला आणि आई दार उघडून नाही राहिल्या. ऑफिसातून सक्करदऱ्याला घरी पोचेपर्यंत डोक्यात काय काय येऊन गेलं ते सांगत नाही. माझ्याजवळच्या किल्लीनं दार उघडलं, तर आई हॉलच्या मधोमध उभी, एक हात हवेत धरून. तिच्यापुढे टाइल्सची एक रांग तंबूसारखी वर आली होती आणि मधल्या टाइल्स तडकल्या होत्या.

"कोण आहे?"

"मी आहे, आई."

"हे काय झालं वं? घर खचलं का? मले पुढं पाय टाकायची हिंमत होऊन नाही राहिली."

तिला हाताला धरून पलंगावर नेऊन बसवलं. पाणी दिलं. तिनं दोन्ही पाय जमिनीवरून उचलून वर घेतले.

आईला काचबिंदू आहे. कडेचं दिसणं जवळपास गेलंय. समोरचं तेवढं एखाद्या नळीतून पाहिल्यासारखं दिसतं. घरात आम्ही दोघीच. मी ऑफिसात असताना ती एकटी फिरते, चहा करते, तुळशीला पाणी घालते. हे सगळं ती कशाच्या भरवशावर करते याचा मी तोवर विचारच केला नव्हता.

मिस्त्री येऊन बघून गेला. टाइल्स एकमेकींना घट्ट चिकटवून बसवल्या होत्या, उन्हानं फुगल्यावर त्यांना जागाच उरली नाही, म्हणाला. चार बदलून भागणार नाही, बाकीच्याही पोकळ वाजताहेत. रात्री पुण्याहून धाकट्या भावाचा फोन आला.

"ताई, सगळंच काढून टाक. मोठ्या, चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल्स घे. सांधे कमी, डाग धरत नाही, एका हातानं पुसून होतं. आमच्याकडे बघितलंस ना?"

त्याचं चूक नव्हतं. पण मला काही ठरवता येईना. त्या दिवसापासून माझी नजर जमिनीलाच खिळली. बँकेत, देवळात, मैत्रिणीच्या घरी, जिथे जाईन तिथे आधी खाली बघायचं. रामदासपेठेतल्या दवाखान्यात आईचे डोळे तपासायला गेलो, तर मी कॉरिडॉरमध्ये चप्पल काढून तळव्यानं फरशी घासून बघत होते. नर्सनं विचारलं, "मॅडम, काही पडलं का तुमचं?"

लाकडासारख्या दिसणाऱ्या पट्ट्या मला फार आवडल्या होत्या. पायाला मऊ, पडलं तरी मार कमी. पण आमचा कूलर खिडकीत, आणि कूलर म्हटला की पाणी ठिबकणारच; एका उन्हाळ्यात त्या पट्ट्या फुगून गेल्या असत्या. खरबरीत मॅट टाइल पाय धरते, पण मळही धरते. कोटा दगड उन्हाळ्यात थंड आणि पिढी दोन पिढ्या हलत नाही, पण बसवल्यावर त्याची घिसाई, म्हणजे यंत्रानं घासणं, घरातच करावी लागते, आणि तेवढे दिवस घरभर चिखल. रोज सकाळी माझं एक ठरायचं आणि संध्याकाळी दुसरं. स्वयंपाक करताना, अंघोळ करताना मी मनात टाइल्स लावत आणि उखडत होते.

"तू काहून इतकी कासावीस होऊन राहिली?" आई म्हणाली. "फरशीच तर आहे."

"तुलाच चालायचंय त्यावर."

"मंग मले घेऊन चल दुकानात."

हे मला सुचलंच नव्हतं. रविवारी तिला एका मोठ्या शोरूममध्ये घेऊन गेले. काचेचं दार उघडलं. आत पांढऱ्याशुभ्र टाइल्स, वरून दिव्यांचा झोत. आई दारातच थांबली. मग तिनं साडीच्या निऱ्या अलगद वर उचलल्या.

"अरे बाप्पा, इथं पाणी कोणं सांडवलं?"

दुकानातला मुलगा घाईनं म्हणाला, "आजी, पाणी नाही, कोरडंच आहे. चमक आहे ती."

आईनं पायाच्या अंगठ्यानं चाचपून पाहिलं, निऱ्या सोडल्या आणि हसली. पण तिनं माझा दंड सोडला नाही. त्या चमकत्या फरशीवरून ती अशी चालली, जणू प्रत्येक पावलाला ओढ्यात उतरत होती. मी तिला तिथून लगेच बाहेर आणलं. चकचकीत टाइल्सचा विषय तिथेच संपला. भावाला सांगितलं तर तो म्हणाला, "हे मला माहीतच नव्हतं गं."

पुढच्या रविवारी हुडकेश्वरच्या रस्त्यावरच्या दगडांच्या गोदामात गेलो. लाद्या उघड्यावर रचलेल्या. एक लादी आडवी टाकली होती, आईनं चप्पल काढून तिच्यावर पाय ठेवला आणि "आई गं!" म्हणून उडालीच. लादी तापून तवा झाली होती. मालकानं बादलीभर पाणी ओतलं, लादी जरा निवली, मग आई तिच्यावर उभी राहिली. पुढे गेली, मागे आली.

"हे सांगते पायाले, कुठं उभी आहे ते," ती म्हणाली. "हेच घे."

घेतलं. तरी घरी परतताना रिक्षात मला वाटत होतं, मॅट टाइल बरी पडली असती का.

मी रजा टाकली, काम सुरू झालं. तेवढे दिवस पुण्याला भावाकडे जायला आईनं साफ नकार दिला. आतल्या खोलीत दार लावून बसायची. बाहेर तोडफोड, नंतर घिसाईचं यंत्र, दाराखालून येणारं राखाडी पाणी मी टॉवेल लावून अडवायची. तिला आवाजावरून काही कळेना, कोण कुठे आहे, हॉल केवढा उरलाय. चिडून तिनं एकदा ताट ढकललं. "माह्या घरात मीच पाहुणी झाली," म्हणाली. मी रजा वाढवली आणि दिवसभर मिस्त्रीच्या मागे मागे फिरत राहिले.

सगळं झालं. हिरवट, शांत, न चमकणारी फरशी. कूलर लावून मी पहिल्यांदा निवांत बसले आणि तेवढ्यात आई स्वयंपाकघराच्या दाराशी अडखळून पडली. नवी फरशी त्या दारापाशी स्वयंपाकघरातल्या जुन्या फरशीपेक्षा थोडी वर आली होती, बोटभरसुद्धा नाही. मनगट सुजलं. हाड मोडलं नव्हतं, एवढंच. मी मिस्त्रीला फोनवर वाट्टेल ते बोलले. तो आला, मुकाट्यानं कड घासून उतरती करून गेला. पण आई आता तिथून जाईना. पलंगावरून हाक मारायची, पाणी दे, चहा दे. जिच्यासाठी हे सगळं केलं, तीच बसून राहिली होती. मला झोप येईना, ऑफिसात चित्त लागेना. सगळं उखडून पहिल्यासारखं करावं असं वाटे.

एका सकाळी तीच म्हणाली, "तिथं काळं काही लावता येते का? दोन्हीकडची फरशी एकाच रंगाची दिसते मले. हद्द कळत नाही."

दुसऱ्याच दिवशी काळ्या कडप्पा दगडाची पट्टी आणून त्या दारात बसवली, दोन्हीकडून सपाट. आईनं सिमेंट सुकू दिलं. मग भिंतीला हात लावून तिथवर गेली, मान खाली घालून ती काळी रेघ नजरेच्या नळीत सापडेपर्यंत शोधली आणि पाय टाकला. दोनदा गेली, दोनदा आली. मी मागेच होते, हात पुढे केलेले.

"तू बस वं," ती म्हणाली. "चहा मी मांडते."

दिवाळीत भाऊ आला. काळी पट्टी हॉलला शोभत नाही, म्हणाला. आईनं त्याला बाथरूमच्या दाराशी नेलं आणि तिथेही तशीच एक पाहिजे म्हणून सांगितलं. आता मी बाथरूमच्या टाइल्स बघत फिरते आहे. परवा एक आवडली होती. आज वाटतंय, जरा जास्तच गुळगुळीत आहे.